खवल्याची पेरणी

“रबराच्या तोंडावर मालिका चालत नाही, बाई,” वाहिनीचे साहेब म्हणाले आणि त्यांनी लेखिकेचे कागद परत सरकवले.

“चालली की इतकी वर्षं. कप्तानाच्या तोंडावर तर लोकांना पहिल्या सहा महिन्यांतच झोप यायला लागली होती.”

साहेब हसले नाहीत. अंतराळयानाची ती मालिका बंद करायचं ठरलं होतं. तिच्यातून दुसरी निघाली तरच सेट उभा राहणार, नाहीतर सुतारापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे घरी बसणार. आणि लेखिकेला ती दुसरी मालिका खवल्याचीच हवी होती.

खवल्या म्हणजे यानावरचा परग्रहवासी. टाळूपासून तळव्यापर्यंत हिरवं रबर, तोंडातून एक शब्द नाही. एका दिवसाच्या गर्दीसाठी मॅनेजरने फोनवरून बोलावलेला नट. लोकांना आवडला, म्हणून राहिला.

“पेरणी करून दाखवा,” साहेब शेवटी म्हणाले. “उरलेल्या भागांत लोक त्याच्यासाठी टीव्हीपुढे बसले तर देतो स्पिन-ऑफ. पण शेवटच्या भागात चेहरा उघडायचा. चेहरा नसेल तर जाहिरातवाले उभं करत नाहीत.”

“उघडू,” लेखिका बेधडक म्हणाली.

तो चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. खवल्या घरूनच रबर चढवून यायचा, गाडीत पडदे लावून एकटाच जेवायचा आणि काही विचारलं तर मान हलवायचा. भूमिकेत शिरतो, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. नटांचे याहून भयंकर चोचले त्यांनी पुरवलेले होते.

उरलेल्यांपैकी पहिल्या भागात लेखिकेने त्याला नुसतं कप्तानाच्या दाराबाहेर थांबवलं. आत भांडण चाललंय, हा ऐकतो आणि निघून जातो. बस. याला काय कळलं, या विचाराने बघणाऱ्याचा आठवडा खराब झाला पाहिजे.

त्या दिवशी खवल्या डाव्या हाताने बोळाचं दार उघडून जड पावलांनी आला, कमरेवर हात ठेवून वाकून थांबला, आणि असा काही वळला की दिवेवाला हातातली वायर विसरून बघत राहिला.

पुढच्या भागात मारामारी होती. तोच खवल्या टेबलांवरून उड्या टाकत गेला आणि भिंतीला पाय लावून उलटा फिरला.

“बाई, हे मी काय लिहू?” मागच्यापुढच्या दृश्यांचा मेळ बघणारी चष्मिस तावातावाने आली. “काल कमरेत वाकला होता, आज माकड झालाय. काल डाव्या हाताने दार उघडलं, आज उजव्या हाताने ठोसे देतोय.”

“लिही, त्याला दोन्ही हात सारखे.”

“आणि कंबर?”

“त्याच्या ग्रहावर दुखणं दिवसाआड येतं.”

“तुम्ही ना, चुका धुऊन वाळत घालता आणि वर त्यालाच लेखन म्हणता!”

“मग दुसरं काय असतं गं लेखन?”

आणि तिने खरंच ती चूक वापरली. तिसऱ्या भागात कप्तान खवल्याला म्हणाला, “तुझा थांग लागत नाही. रोज नवाच असतोस.” हे वाक्य लोकांनी उचललं. भाजी आणताना, बस पकडताना एकमेकांना ऐकवायला लागले.

चौथ्या भागात यान चालवणारी पोर दमून खुर्चीतच झोपते. खवल्याने फक्त मागून जायचं होतं. तो थांबला. खुर्चीच्या पट्ट्यात अडकलेले तिचे केस त्याने अलगद सोडवले, पांघरूण पायाखाली खोचलं, आणि मग गेला. कागदावर यातलं काहीही नव्हतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचंच विसरला.

“एकाच माणसात एवढं सगळं येतं कुठून हो?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“नट आहे तो. तुमच्या कप्तानासारखा आरसा घेऊन फिरत नाही.”

“मी इथेच उभा आहे हं,” कप्तान म्हणाला.

“म्हणून तर मोठ्याने बोलले.”

मग तिने खवल्याला राहायला जागा दिली. एक ओसाड अंतराळ-धक्का, विझलेला दिवा, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांची वाट. त्याने दिवा दुरुस्त केला. “इथेच राहतोस?” कप्तानाने विचारलं. खवल्याने मान हलवली. यान त्याला सोडून निघून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी वाहिनीचे फोन बंद पडायची वेळ आली. खवल्याचं पुढे काय, एवढं एकच लोक विचारत होते.

“मान्य,” साहेबांनी कळवलं. “आमची ही तर जेवताना दुसरं बोलतच नाही. त्याची सही घ्या आणि परवा चेहरा उघडा.”

सेटवर शिट्ट्या झाल्या. सुताराने मोडायला काढलेला धक्का पुन्हा ठोकायला घेतला. चष्मिसने लेखिकेला मिठी मारली आणि वर ऐकवलं, “आता तरी एकाच हाताने दार उघडायला लावा त्याला!”

खवल्याला फोन केला की घरातलं कुणीतरी ‘निरोप देतो’ म्हणून ठेवून द्यायचं. म्हणून करार घेऊन लेखिका स्वतःच निघाली. जिने चढताना तिला गुणगुणावंसं वाटत होतं, आणि ती बेसूर गुणगुणलीही.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. मागून त्याचा मुलगा आला, सून आली. तिघंही ओळीत उभी राहिली तेव्हा डोकी एका रेषेत आली.

“अभिनंदन!” लेखिका दारातूनच म्हणाली. “नवी मालिका त्याचीच. नाव त्याचं, चेहरा त्याचा. कुठे आहेत आमचे हिरो?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने हात पुसून करार घेतला, शेवटचं पान उलटलं आणि आदबीने विचारलं, “बाई, सही आम्ही तिघांनी करायची, की आज ज्याचा नंबर आहे त्यानेच?”