भांडणाचा खाडा

बयाबाईंनी परड्याचं दार उघडलं आणि आधी भिंतीकडं बघितलं. आजही तिच्यावर एकही शेणी नव्हती. स्वच्छ भिंत बघून त्यांचा जीव आणखीच खट्टू झाला.

बयाबाई दवाखान्यातून हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून आल्यापासून भिंत अशीच होती. त्याआधी शेजारची चिमणाबाई आपल्या म्हशीचं शेण हक्कानं ह्यांच्याच भिंतीवर थापायची. ऊन ह्या अंगाला चांगलं पडतं, हे तिचं कारण. मग रोज सकाळी दोघींची अशी जुंपायची, की गल्लीला गजर लावायची गरज पडत नसे. दोघींचे नवरे गेले, केस पिकले, पण भांडणाला कधी खाडा पडला नव्हता.

डॉक्टर म्हणत होते, तब्येत झकास आहे, रंकाळ्यावर फिरायला जा. पण फिरून आल्यावर बोलायचं कुणाशी? मुलगा कृष्णात आईपुढं दबक्या आवाजात बोलायचा. सून हातातलं भांडं काढून घ्यायची. गल्लीतल्या बायका लांबूनच 'बरं हाय न्हवं?' म्हणून सटकायच्या. अख्खं कोल्हापूर ओरडून बोलतं, आणि ह्यांच्या वाट्याला तेवढी कुजबुजणारी माणसं आली होती. भरल्या घरात बयाबाई एकट्या पडल्या होत्या. आपण मेलोय आणि कुणी सांगत नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

शेवटी त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि थेट चिमणाबाईचा गोठा गाठला.

"बसा बयाक्का," चिमणाबाई उठून म्हणाली. "पानी देऊ?"

जिनं जन्मात 'सटवे'शिवाय हाक मारली नाही, ती आज अहोजाहो करत होती. बयाबाईंना रडूच आलं.

"माझ्या भिंतीला काय रोग झालाय? शेण का लावत न्हाईस?"

चिमणाबाईनं मान खाली घातली. "तुमच्या कृष्णातनं पाया पडून सांगितलंय. आईला ताण द्यायचा न्हाय, तोंड उघडू नगा म्हनला."

"डाक्टरनं माझी नळी उघडली, आनि तुमी समद्यांनी मला जित्तीच पुरली. ह्यापरास गेलेली बरी."

चिमणाबाईनं पदर खोचला.

"गेलेली बरी? तुला दवाखान्यात नेलं तवा हितं म्हशीपाशी बसून रडलो मी. आनि मला एकटीला टाकून जातीस व्हय गं सटवे? लाज हाय का तुला?" आवाज असा चढला, की म्हैस दावं ओढायला लागली.

तो आवाज ऐकून कृष्णात धावत आला. "मावशी, हात जोडतो. गप बसा."

बयाबाईंनी त्याला हातानं मागं सारलं. चेहरा फुलला होता त्यांचा.

"तू मधी पडू नगंस," त्या म्हणाल्या. "आधी तिचं हुंदे. मग माझी बारी हाय."