फाटलेला रकाना

आम्रपालीच्या पणजोबांनी, राघोजींनी, एके दिवशी गावच्या शाळेत जाऊन मास्तरांच्या डोळ्यांदेखत रजिस्टरातली आपली जात टाकाने अशी खोडली, की कागदच फाटला. आडनावही टाकून गावाचं लावलं. दर मार्चला चवदार तळ्यावर जाताना तिच्या घरात ही गोष्ट ताठ मानेने सांगितली जायची.

आता तिचा मेडिकलचा प्रवेश जात पडताळणीवर अडला होता, आणि घराण्याचा जुना पुरावा म्हणजे तेवढं ते रजिस्टर. कारकुनाने फाटक्या रकान्यावर बोट ठेवलं. "आडनावावरूनही काही कळत नाही. सोमवारच्या आत गावातल्या कुणा जुन्या माणसाकडून लिहून आणा."

पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या गावात राघोजींना पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं, वरच्या आळीतली नव्वदीची ठकूबाई.

"लिव गो पोरी," म्हातारी म्हणाली, "राघोजीला आमी इहिरीला शिवू देत नव्हतो. मीच वरून त्याच्या वंजळीत पानी वतायची."

आम्रपालीने ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

 

"आजी," ती म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले."