ताकदीची सुई

दोन पोरींच्या पाठीवर तिसरं बाळंतपण झालं तर उज्ज्वला वाचायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पण सुनीलला पोरगा हवाच होता. ऑपरेशनचं नाव काढलं की तो बायकोच्या अंगावर धावून जायचा. शेवटी त्याच्या आईनंच, लालीबाईनं, वाट काढली. दर तीन महिन्यांनी ती सुनेला महागावला नेऊन पाळणा लांबवायचं इंजेक्शन टोचून आणायची.

"अंगात रगत नाही तिच्या," लेकाला सांगायची. "ताकदीची सुई देऊन आणली."

एकदा सोयाबीनच्या सोंगणीत तारीख हुकली, तेव्हा पाळी येईपर्यंत दोघींच्या घशाखाली भाकर उतरली नव्हती.

अशी चार वर्षं निघाली. मग एक दिवस सुनील आईला म्हणाला, "याडी, हिची कूस आटली. मी दुसरी करून राह्यलो."

नवी नवरी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ओवाळायचं ताट हातात घेऊन लालीबाई उज्ज्वलाकडे वळली.

"सांगूनच टाकतो त्याले," ती सुनेच्या कानाशी पुटपुटली.


उज्ज्वलानं तिच्या हातातून ताट घेतलं. "सांगू नोको, याडी. जित्ती तं आहो नं मी."