एंटर नाही, स्पेस

धम्मानंदच्या पत्राला मार्तंडरावांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला दोन दिवाळ्या झाल्या. आज त्याची मुलगी दीप्ती सावनेरहून आली, प्रताप नगरच्या घरात समोर बसली, आणि ते पत्र त्यांना जसंच्या तसं आठवलं.

‘मार्तंडभाऊ, घरच्या कॉम्प्युटरवर आता लिनक्स आहे. आपलं युनिक्सचं पीजी त्यात चालत नाही. फाइल उघडली का सर्रकन पळते, शेवटचं पान तेवढं दिसते. काय करू?’

ऑफिसच्या मशीन-रूममध्ये पीजी, म्हणजे फाइल पानापानानं दाखवणारी आज्ञा, त्यांनीच त्याला शिकवलं होतं. एंटर दाबला की एक पान, पुन्हा दाबला की पुढचं. लिनक्समध्ये त्याच्या जागी ‘लेस’ आहे, असं मार्तंडरावांनी वाचलं होतं. करूनही पाहिलं. एंटर दाबला तर एकच ओळ सरकली. म्हणजे हे नसावं. चुकीचं कसं कळवायचं? आणि माहीत नाही, असं तरी कसं लिहायचं?

“बाबा काय म्हणतात?” त्यांनी दीप्तीला विचारलं.

“लिहून राहिले. आजोबाच्या आठवणी. पहिल्यापासून.”

“पुन्हा? तुझे आजोबा आनंदराव होते तेव्हा त्यांनी सांगितलं, धम्मानंदनं टाइप केलं. सगळं फाइलमध्ये आहे ना.”

“होतं. आता शेवटचंच पान उरलं. बाकी पुसलं गेलं.”

“कोण म्हणालं पुसलं गेलं?”

दीप्तीने त्यांच्याकडे पाहिलं. “तुमचं उत्तर नाही आलं ना काका. बाबा म्हणाले, मार्तंडभाऊचा स्वभावच तसा. वाईट बातमी लिहवत नाही त्यायले.”

“ह्यांना चांगली तरी कुठे लिहवते,” चहा घेऊन आलेल्या यमुताई म्हणाल्या.

मार्तंडराव चहा तसाच ठेवून उठले. कॉम्प्युटर लावला. एक लांबलचक फाइल ‘लेस’ने उघडली. एंटर दाबला. एक ओळ. पुन्हा एंटर. एक ओळ. मग त्यांनी एच दाबलं. मदतीसाठी पीजीतही एचच होतं, पण ज्याने दुसऱ्यांना शिकवलं त्याने मदत कशाला मागायची, म्हणून पत्र आलं तेव्हा दाबलं नव्हतं.

पडद्यावर यादी आली. पुढच्या पानासाठी स्पेस. मागच्या पानासाठी बी.

मदतीचं पान बंद करून त्यांनी स्पेस दाबला. अख्खं पान सरकलं. बी दाबलं. पान परत आलं.

“एवढंच होतं?” मागे उभ्या दीप्तीने विचारलं.

“एवढंच.”

“म्हणजे आजोबा आहेत त्याच्यात?”

“सगळे आहेत. काहीच पुसलं नव्हतं. पडद्यावर शेवटचं तेवढं थांबायचं.” मग त्यांनी विचारलं, “किती लिहिलं त्यानं?”

“लिहितात आणि फाडतात. म्हणतात, हकिकत आठवते, पण बाप कसा बोलायचा ते आठवत नाही.”

मार्तंडरावांना तिच्याकडे वळवेना. “तू सांग त्याला. आज घरी गेल्यावर लगेच.”

“त्यायले ऐकू येते काय? आणि माझं खरं वाटन काय? म्हणतील, पोरगी समजूत घालून राहिली. करून दाखवावं तर कॉम्प्युटरले हात लावू देत नाहीत, उरलेलं पानही जाईल म्हणून. तुम्हीच लिहा. अन् पोस्टानंच टाका. मी हातात नेऊन दिलं तर म्हणतील, मागं लागून लिहवून आणलं.”

त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. ‘फाइल पूर्ण आहे. पीजीऐवजी लेस लिही. एंटर नाही, स्पेस दाब. मागे जायला बी.’ खाली बरीच जागा उरली. तिथे काय लिहावं ते सुचेना. नुसती सही केली.

दीप्तीला बसमध्ये बसवून ते कोपऱ्यावरच्या पेटीपाशी आले. कार्ड पुन्हा वाचलं. आत सोडलं. पडल्याचा आवाज आला.

मग कुठे अडकलं तर नाही ना, म्हणून फटीत दोन बोटं घालून पाहिली. कार्ड लागत नव्हतं.