दोन होड्या

काठाशी लाटेने भिजलेले कपडे बदलून ती झावळ्यांच्या आडोशातून बाहेर आली, तेव्हा दोन्ही होड्या निघून गेल्या होत्या. लांब पाण्यावर दोन ठिपके दिसत होते. एका ठिपक्यात थोरल्या लेकाचं बिऱ्हाड, दुसऱ्यात धाकट्याचं.

गळा तिचा खणखणीत होता. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं शिलाईयंत्रांच्या खडखडाटाच्या वरताण बोललेला. ती गुडघाभर पाण्यात शिरली. दोन हाका मारल्या. तिसरी गिळली. मागे नारळवाली उभी राहून बघत होती. परक्या बाईपुढे शोभा कशाला?

त्या एवढ्याशा बेटावर नारळवालीच्या टपरीशिवाय दुसरं काही नव्हतं. हॉटेल समोरच्या मोठ्या बेटावर. नारळवालीने विचारलं, मावशी, राहिलात की काय? ती म्हणाली, राहते कशाला, उतरताना माणसं मोजतील आणि येतील. दोन लेक आहेत मला, एक सोडून दोन.

मग ती वाळूत बसली. बसायची तिला चार दिवसांत चांगली सवय झाली होती. आई, तू बस, आराम कर, हे वाक्य तिने या सहलीत इतकं ऐकलं होतं की माणसाऐवजी पोपट आणला असता तरी चाललं असतं. आराम म्हणजे काय, तर सगळी पाण्यात आणि ती छत्रीखाली आठ जोड चपला राखत. कुणी येऊन टॉवेल उचलायचं, कुणी ओला टाकून जायचं. नातवंडंसुद्धा वाळूचा किल्ला बांधायला तिच्यापासून दहा पावलं लांब जायची. तिच्या अंगावर वाळू उडू नये म्हणून म्हणे.

नारळवालीने एक शहाळं सोलून हातात दिलं आणि चौकशी लावली. राहता कुणाकडे? तिने मान ताठ केली. दोघांकडेही. एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. महिना भरला की दुसऱ्याची गाडी दारात हजर. एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. फेब्रुवारी धाकट्याच्या वाटणीला जातो म्हणून थोरली सून वर्षभर कुरकुरते, असंही तिने सांगितलं, आणि स्वतःच हसली.

नारळवाली हसली नाही. “आणि सहलीत कुणाकडे?” तिने विचारलं.

शहाळं तिच्या हातातच राहिलं.

काल एकतीस होती. आज सकाळी थोरलीने तिची पिशवी धाकट्यांच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवली होती. आई, आजपासून तुम्ही तिकडे. धाकटीने ती जरा वेळाने उचलून परत जिन्यापाशी आणली. सहलीत कसली आलीय तारीख, घरी पोहोचल्यावर बघू. दोघी गोडच बोलल्या होत्या. तिने मनावर घेतलं नव्हतं. पिशवीच ती, कुठे का असेना.

आता तिला सगळं काचेसारखं स्वच्छ दिसलं. थोरल्याला वाटलं, आई आजपासून धाकट्याच्या होडीत. धाकट्याला वाटलं, घरी जाईपर्यंत आई थोरल्याच्या होडीत. दोघांचंही बरोबर होतं. चुकलं कुणाचंच नव्हतं.

चुकलं असतं तर बरं झालं असतं. चूक माफ तरी करता येते.

ऊन उतरलं. नारळवालीने टपरीवर ताडपत्री बांधली आणि आपल्या होडीतून चला म्हणाली. ती नको म्हणाली. परक्या होडीतून गेले तर लेकांना मान वर करता यायची नाही, म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. त्या दोघांपैकी एकाला तरी, पाण्याच्या मध्यावर का होईना, आपणहून वाटलं असेल का, की आई दिसत नाही? तेवढं तिला पाहायचं होतं. तेवढ्यासाठी ती रात्रभर बसली असती. नारळवालीने ताडपत्रीची गाठ पुन्हा सोडली. तीही गेली नाही.

शेवटी एक होडी आली. तीत दोघेही होते. किती वर्षांनी दोघं एका फळीवर बसलेले तिने पाहिले. थोरला होडी टेकायच्या आत पाण्यात उतरला, बुटांसकट. धाकट्याचे ओठ पांढरे पडले होते. लहानपणी काही फोडून आले की असेच उभे राहायचे, कोण आधी बोलतो याची वाट पाहत.

दुपारभर तिने जिभेला धार लावून ठेवली होती. ती धार गेली. होडीवाला ऐकत होता, नारळवाली ऐकत होती. लेकांची अब्रू म्हणजे शेवटी आपलीच.

ती कपडे झटकत उठली. “एवढी तोंडं पाडायला काय झालं? मीच सांगितलं होतं ना, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते म्हणून.”

तिने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. ती दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. एकाने म्हणावं, आई, खोटं बोलतेस. एकानेच. दोघांनी म्हणायला पाहिजे असं तिचं म्हणणं नव्हतं.

धाकट्याने मोठा श्वास सोडला. त्याच्या ओठांना रंग आला.

“बघ दादा,” तो म्हणाला, “तुला सांगून थांबली होती ती. तूच विसरलास.”

“मला कुठे?” थोरला बुटातलं पाणी ओतत म्हणाला. “तुला सांगितलं असेल.”