हळदीचा डाग

"परत कुर्कुमा, तुमची हळद," ब्रेनर म्हणाला. त्याने मशीनच्या बटणावर निळा दिवा धरला. बटणावरचा डाग हिरवट चमकत होता.

"या मशीनला मी आज हातही लावलेला नाही," अश्लेषा म्हणाली.

तिला आता वीट आला होता. रेगेन्सबर्गच्या या लॅबमध्ये काहीही बिघडलं की खापर तिच्या डब्यातल्या हळदीवर फुटायचं. ब्रेनर तिचा वरिष्ठ. दिवसभर हातमोजे घालून वावरणारा, फक्त खाताना ते काढणारा. तिची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हेही त्याच्याच सहीवर अवलंबून होतं.

"तुमच्या कपाटातला हिरवा रंगही असाच चमकतो," ती म्हणाली. "चाचणी करू या."

"जा, करा की."

त्या रंगाच्या कपाटाची किल्ली ब्रेनरच्या खिशात असायची. बाटलीला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. अश्लेषाकडे बायोटिन जोडलेली अँटिबॉडी होती. ती फक्त त्या रंगालाच चिकटते. चिकटली, की बायोटिनला पकडणारं द्रव्य घालायचं आणि प्लेटमधला खळगा निळा होतो. हळदीला ती हुंगूनही बघत नाही.

बटणावरचा डाग तिने बोळ्याने टिपला. तुलनेला खरी हळद हवी, म्हणून किचनमध्ये जाऊन स्वतःच्या डब्याच्या झाकणावरूनही बोळा फिरवला.

डब्यात पिवळ्या भाजीशेजारी तीनच पोळ्या होत्या. आधीच डोकं तापलेलं. तिने घरी सासूबाईंना फोन लावला.

"अहो आई, आज पुन्हा तीनच?"

"तीन पोळ्या मी कधी कुणाला वाढल्यात का गं? अशुभ असतं ते. चार भरल्यात."

म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा, म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी दोघं प्लेटवर वाकले. बटणाच्या डागाचा खळगा पाण्यासारखा स्वच्छ होता. म्हणजे तो डाग रंगाचा नव्हता.

"गेनाऊ, अगदी बरोबर. कुर्कुमा," ब्रेनर म्हणाला. "आता तुमच्या नोकरीबद्दल बोलू."

अश्लेषाने प्लेट स्वतःकडे ओढली. मग तिची नजर शेजारच्या खळग्यावर गेली. तिच्या डब्याच्या झाकणाचा तो खळगा गडद निळा झाला होता.

ब्रेनरनेही तो पाहिला. त्याचा हात नकळत किल्लीच्या खिशाकडे गेला.

"हेर ब्रेनर," अश्लेषा शांतपणे म्हणाली, "यापुढे घ्यायच्या तर दोन घेत जा. तीन मागे ठेवू नयेत, आमच्यात अशुभ असतं."