पेट्रोलची गाडी

कोन गावच्या खाडीतून क्रेननं वर काढलेली पिकअप रस्त्याकडेला उभी होती. अजून चिखल गळत होता. केबिन चेपलेली, आत कोणी नाही. नंबरप्लेट तुटून गेलेली, चॅसीवरचा आकडा खाऱ्या पाण्यानं खाल्लेला.

हवालदारानं लहानूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, गाडी तुमच्या सोमाचीच ना? लहानूचे कान कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेले होते. त्याचा मुलगा सोमा भाडं घेऊन निघाला, तो परतलाच नव्हता. गाडी त्याची असेल तर खाडीत गळ टाकून शोधायचं, नसेल तर क्रेन परत न्यायची, असं हवालदारानं सांगितलं.

लहानूनं बॉनेट उघडायला लावलं. खांद्यावरच्या टॉवेलनं इंजिनावरचा चिखल पुसला. पेट्रोलच्या इंजिनाला डोक्यावर प्लग असतात, प्रत्येक प्लगला जाड वायर. डिझेलच्या इंजिनावर त्या जागी लोखंडाच्या बारीक नळ्या येतात. गाडी घेतली तेव्हा सोमानं खारबावच्या अंगणात बापाला हे एकेका ठिकाणी बोट ठेवून शिकवलं होतं.

लहानूचं बोट नळ्यांवरून दोनदा फिरलं.

"पलगच न्हाय," तो म्हणाला. मग हसायलाच लागला. "ही आपली न्हाय. आपली पेट्रोलची हाय."

त्यानं क्रेनवाल्याला विडी दिली. दुसऱ्याच कुणाच्या गाडीपायी आमच्या सुनेला उन्हात उभं केलंत, असं हवालदाराला सुनावलं. सोमा सुरतेकडं अडकला असेल, येऊ दे, कान उपटतो त्याचे, असंही म्हणाला.

सोमाची बायको कलावती गाडीपासून लांब उभी होती. दिवाळीनंतर सोमानं मानकोलीच्या गॅरेजात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. त्या दिवसांत पेट्रोल परवडेना, म्हणून पुष्कळ जुन्या गाड्यांची इंजिनं अशी बदलली जात. ती दोघं भिवंडीत राहत, लहानू खारबावला. गाडी गावात शिरली की तिचा नवा ठोका सगळ्या आळीला ऐकू येई. एका लहानूला तेवढा येत नसे. आबांना मीच सावकाश दाखवीन, सोमा म्हणाला होता. ते राहूनच गेलं.

क्रेनवाला साखळी सोडायला वाकला. तेव्हा कलावती पुढे आली.

"आबा, यांनी इंजिन बदललं होतं."

क्रेनवाल्याचा हात साखळीवरच राहिला. हवालदारानं मान खाली घातली. लहानूनं दोघांकडे पाहिलं, मग सुनेकडे. त्याच्या तोंडावर हसू तसंच होतं. कानामागे तळवा धरून तो तिच्याकडे वाकला.

"काय म्हनतेस, बाय? लूम चालू हाय समज, आन् मोठ्यानं सांग."